अकरा मिनिटांचा समुद्र

१

रोज सकाळी साडेआठला मी संग्रहालयाच्या मागच्या दाराने आत शिरायचो, वहीत सही करायचो आणि गोल दालनातल्या खुर्चीत जाऊन बसायचो. काम एवढंच: डोळे मिटून अकरा मिनिटं समुद्र ऐकायचा आणि कागदावर 'ठीक' असं लिहायचं.

दालन सुरू व्हायला अजून पाच आठवडे होते. विषय होता एक फार जुना समुद्र. पृथ्वीवरची सगळी जमीन जेव्हा एकाच तुकड्यात होती, तेव्हा बाकीचं सगळं म्हणजे एकच पाणी होतं. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. दगड, नकाशे, चित्रं बाहेरच्या खोल्यांत मांडली होती. या दालनात फक्त आवाज होता. भिंतीला गोलाकार आठ स्पीकर, खाली राखाडी जाजम, समोरच्या भिंतीवर क्षितिजाची एक फिकट रेघ आणि पाठीमागे दार. ऐकणारा किनाऱ्यावर बसला आहे, पाणी त्याच्या समोर आणि जमीन पाठीशी, अशी ती रचना होती.

समुद्र अकरा मिनिटांचा होता. शेवटाला सुरुवात जोडून मी तो फिरता ठेवला होता. सांधा कुठे आहे ते कोणालाही सापडणार नाही, अशी माझी घमेंड होती. मलाही सापडत नसे, मी घड्याळ बघायचो.

त्या दिवशी शेवटाकडे, समोरून, खूप लांबून एक आवाज आला. गोट्यावर गोटा दाबला जातो तसा. खच्‌. एकदाच.

गोट्यांचा किनारा म्हटल्यावर गोटे सरकणारच. मी 'ठीक' लिहिलं.

२

आवाज माझ्या ताईने टिपलेला होता. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वीस-बावीस वर्षं आम्ही दोघांनी हेच काम केलं. ती जगभरातून आवाज उचलून आणायची, मी ते धुऊन, निवडून लोकांना द्यायचो. नाटकांना पाऊस, माहितीपटांना जंगल, संग्रहालयांना जे लागेल ते.

तिची एक पद्धत होती आणि ती तिने कधी मोडली नाही. मशीन तिपाईवर ठेवायचं, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. त्याला चार माइक होते, दोन पुढे, दोन मागे. वाऱ्यासाठी वर केसाळ टोपी. बटण दाबून ती तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा बोलायची. मग पाण्याकडे पाठ करून मोजून तीस पावलं सरळ चालत जायची आणि तिथेच उभी राहायची. आपला श्वास, कपड्यांची सळसळ, पोटातली गुरगुर मशीनच्या कानावर पडू नये म्हणून. वेळ झाली की तीस पावलं परत. टोपीला मांजरासारखं तीनदा थोपटायचं, 'झालं' म्हणायचं आणि बटण बंद करायचं.

हे सगळं मी कापून टाकायचो. तारीख, जातानाची पावलं, येतानाची पावलं, थोपटणं, 'झालं'. मग कार्ड पुसून तिला परत द्यायचो. आमच्या धंद्यात टिपणारा माणूस ऐकू आला तर ते काम फसलं.

"काय भाऊराव, सापडले का मी?" ती विचारायची.

"सापडलीस. चौथ्या मिनिटाला सुस्कारा टाकलायस."

"तीस पावलांवरून? कान आहेत की सुपं?"

"गुडघा दुखत होता का?"

"पुस की मग. चौकशा कशाला करतोस?"

मी पुसायचो.

डावा गुडघा तिला शेवटची चार वर्षं त्रास देत होता. उजवं पाऊल नीट पडायचं, डावं ओढलं जायचं. गोट्यांवर ती चालली की खच्‌, खर्रर, खच्‌, खर्रर असं ऐकू यायचं. माझ्या चालण्याला मात्र ती हसायची. "पाय उचलून चाल रे. घासून घासून जमीन पातळ केलीस."

हा समुद्र तिचं शेवटचं काम ठरलं. दुपारी एका मासेमाराला ती दिसली. मशीनपासून तीस पावलांवर, एका खडकाला टेकून बसलेली, तोंड जमिनीकडे. हृदय एका क्षणात थांबलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. मशीन चालूच होतं. कार्ड भरेपर्यंत ते चालूच राहिलं.

चौथ्या दिवशी मी कामाला बसलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. सुरुवात कापली. पुढे कुठेतरी स्वच्छ अकरा मिनिटं मिळाली, ती उचलली. त्या अकरा मिनिटांत ताई उभी होती की बसलेली होती, मला ठाऊक नाही. उरलेलं मी ऐकलं नाही. त्यानंतर जे झालं ते मी केलं असं म्हणवत नाही. हातांनी केलं. वीस वर्षांच्या सवयीने हातांनी कार्ड पुसलं.

३

तीन महिन्यांनी भाची आली. ताईची एकुलती एक. लहान मुलांच्या शाळेत शिकवते. लहानपणी फार ठमकत चालायची, म्हणून मी तिला ठमीच म्हणतो. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, आणि कप खाली ठेवून म्हणाली, "मामा, मला आईचा चेहरा आठवतो. आवाज आठवेनासा झालाय."

मी तिचा कप उचलून बाजूला ठेवला.

"काय बोलायची ते सगळं आठवतं. पण आठवताना ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. तुझ्याकडे असेल ना रे कुठेतरी? एवढ्या वर्षांचं?"

"शोधतो," मी म्हणालो.

आठवडाभर शोधलं. साठ नद्या निघाल्या, वादळं निघाली, एक जळणारं रान निघालं, बर्फ तडकताना निघाला. ताईचा एक शब्द निघाला नाही. तिला स्वतःचा आवाज आवडत नसे. फोनवरचे निरोपसुद्धा ती लिहून पाठवायची. घरच्या चित्रीकरणात कॅमेरा तिच्याच हातात असायचा, आणि तेव्हाही ती गप्प असायची. बाकी जे काही होतं ते माझ्या हातून गेलं होतं, आणि मी काम चोख करतो.

ठमीला मी हे सांगितलं नव्हतं. 'शोधतोय' एवढंच म्हणत होतो.

४

दालनात तो पहिला 'खच्‌' ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन आवाज आले. खच्‌, खर्रर.

तिसऱ्या दिवशी तीन.

मी घरी जाऊन तीच अकरा मिनिटं हेडफोन लावून ऐकली. काही नाही. पडद्यावर आवाजाची रेघ मोठी करून पाहिली, केसाएवढी वाकडी नव्हती. पुन्हा दालनात आलो, मोबाइलवर वेळ लावली. अकरा मिनिटं आणि तीन सेकंद. घरी पुरी अकरा.

आमचा वायरमन दालनाच्या दारातच स्टुलावर बसून काहीतरी जोडत असायचा. निवृत्तीला आलेला, डाव्या कानाने ठार बहिरा, आणि तरी आवाजाच्या दालनाची जबाबदारी त्याच्याकडे.

"काय आवाजवाले? आज समुद्र तुंबला का?"

"तुम्हाला यात पावलं ऐकू येतात का हो?"

"मला बायकोची हाक ऐकू येत नाही, पावलं कुठून येणार?" तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून जरा हळू आवाजात, "वायर बदलून देऊ का?"

त्याने वायर बदलली. वाजवणारं यंत्रही बदललं. चौथ्या दिवशी चार आवाज आले. शेवटचा आधीच्या तिन्हींपेक्षा थोडा जवळ होता.

मी स्वतःला समजावलं. मन गेलेल्या माणसाला शोधत राहतं, त्याला नळाच्या ठिबकण्यातही नाव ऐकू येतं. अशा वेळी कागदावर काय लिहावं? मी 'ठीक' लिहीत राहिलो.

पण एक गोष्ट मनातून जाईना. ताई चालत गेली होती पाठीमागे, जमिनीकडे. परत यायची तेव्हाही ती मागूनच यायची. हे आवाज समोरून येत होते. समोर समुद्र होता. पाण्यात पाऊल पडलं तर छपकन वाजतं. हे तर कोरड्या गोट्यांवर वाजत होतं.

५

नवव्या दिवशी भूगर्भवाल्या बाई आल्या. दालनाच्या सल्लागार त्याच. त्या काळात पक्षी नव्हते, म्हणून एका किलबिलीसाठी त्यांनी मला पूर्वी एक तुकडा परत पाठवला होता. त्या खुर्चीत बसल्या. मी दाराशी उभा राहिलो. शेवटाकडे त्यांनी डोळे उघडले आणि मान वर केली.

"यात चालतंय कोण?"

मला एकदम हायसं वाटलं. लगेच त्याहून वाईट वाटलं. म्हणजे ते माझ्या डोक्यात नव्हतं.

"तुम्हालाही ऐकू आलं?"

"ऐकू न यायला काय झालं? नऊ पावलं. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी बूट कोणाचे होते, तेवढं सांगा मला."

"काढून टाकतो."

"काढा. नाहीतर दुसरा समुद्र लावा. उद्‌घाटनाला मला बूट नकोत."

जाताना त्या बाहेरच्या खोलीतल्या पृथ्वीच्या मोठ्या गोलाशी थांबल्या. त्या काळची पृथ्वी, एका बाजूला जमिनीचा वेडावाकडा तुकडा, बाकी सगळा निळा रंग. वायरमन वर शिडीवर दिवा बसवत होता.

"बाई, एवढं पाणी होतं तर गेलं कुठे?" त्याने विचारलं.

"पाणी आहे की. तळ गेला. जमिनीखाली सरकत सरकत गेला सगळा. जो थोडा खरवडला गेला तो डोंगरांच्या कडांना चिकटून राहिला. तेवढ्यावरून आम्हाला कळतं की असा एक समुद्र होता." त्यांनी गोलावर जमिनीच्या कडेला बोट टेकवलं. "केवढा होता ते सांगते. इथे उभे राहा. समुद्राकडे पाठ करा आणि सरळ चालत सुटा. वळायचं नाही. जमीन संपली की पुढे पुन्हा पाणी. तेच पाणी, कारण दुसरं नाहीच. त्यातून सरळ, सरळ, सरळ..." त्यांचं बोट निळ्या रंगावरून फिरत गेलं, गोलाच्या मागे दिसेनासं झालं, पलीकडून पुन्हा वर आलं आणि निघालं होतं तिथेच टेकलं. "आलात परत. त्याच गोट्यांवर. फक्त या खेपेला समोरून."

"आणि पाण्यावरून चालायचं कसं?" वायरमन म्हणाला.

"ते तुमचं तुम्ही बघा. मी भूगोल सांगते, पोहणं नाही."

तो हसला. मीही हसलो असेन. बाई गेल्यावर मी गोलावर त्याच जागी बोट ठेवलं आणि तसंच फिरवून पाहिलं. मग बोट खिशात घातलं.

६

दुसरा समुद्र माझ्याकडे होता. ताईनेच आठ वर्षांपूर्वी आणलेला, वाळूचा. तो दालनात लावून पाहिला. स्वच्छ होता. अकरा मिनिटांना अकरा मिनिटं. तोच ठेवला असता तर विषय संपत होता.

मी गोट्यांचा परत लावला.

आता मी 'ठीक' लिहीत नव्हतो, आकडे लिहीत होतो. तेरा. चौदा. पंधरा. मोजायला अवघड काही नव्हतं. ती तीस पावलं गेली होती. तीस पावलांनी परत येणार.

विसाव्या दिवशी मी ठमीला बोलावलं. आधी काही सांगितलं नाही. खुर्चीत बसवलं, म्हटलं, "शेवटपर्यंत बस." तिने बूट काढून पाय वर घेतले, लहानपणी बसायची तशी. अकरावं मिनिट सरलं. पावलं सुरू झाली. तिसऱ्या-चौथ्या पावलाला तिने पाय खाली सोडले.

"गुडघा," ती म्हणाली. आणि मग, "मामा, आईच!"

विसावं पाऊल पडलं आणि समुद्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ती तशीच पुढे झुकून बसली होती, कोणाची तरी वाट बघावी तशी, तोंड त्या फिकट रेघेकडे.

बाहेर येऊन आम्ही पायऱ्यांवर बसलो. मी तिला सगळं सांगितलं. कार्डाचंही.

"सगळं पुसलंस?"

"हो."

"वीस वर्षांचं?"

"हो."

"तिला माहीत होतं?"

"तीच म्हणायची, पुस."

"ती म्हणायची, मामा. म्हणणं वेगळं." तिने नाक पुसलं. थोड्या वेळाने तिचा आवाज शिक्षिकेचा झाला. "म्हणजे आणखी दहा दिवस. तिसाव्या पावलानंतर ती बोलते ना काहीतरी?"

"'झालं' म्हणते."

"मग तिसाव्या दिवशी खुर्चीत मी बसणार."

"नाही."

"तू बसणार?"

"कोणीच नाही बसणार."

"का पण? माझी आई आहे ती."

मला हे शब्दांत मांडायला वेळ लागला. त्या दालनात खुर्ची जिथे होती, तिथे त्या किनाऱ्यावर मशीन होतं. त्याच जागी, त्याच उंचीवर. ऐकणाऱ्याचं डोकं आणि मशीन यांत फरक राहणार नाही अशीच ती रचना मी केली होती, आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

"ठमे," मी म्हणालो, "ती आपल्याला भेटायला नाही येत. ती बटण बंद करायला येतेय."

मग तिने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"मग बटण ठेव तिथे," ती म्हणाली.

७

तिसाव्या दिवशी सकाळी मी खुर्ची बाहेर काढली आणि तिच्या जागी ताईची तिपाई उभी केली. वर तिचंच मशीन, त्यावर केसाळ टोपी. नवीन कार्ड घातलं. ठमीला शाळा होती, तरीही ती येणार होती. मी तिला घरीच थांब म्हणून सांगितलं. तिने ऐकलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

बटण दाबलं. लाल दिवा लागला. टिपताना बोलायची मला सवय नव्हती. तारीख सांगितली, वेळ सांगितली. वाऱ्याचं काय सांगावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "वारा नाही."

मग समोरच्या रेघेकडे पाठ केली आणि चालायला लागलो. दारापर्यंत नऊ पावलं झाली. दाराशेजारच्या पेटीतल्या यंत्रावर समुद्र सुरू केला. दार अर्धं उघडं ठेवलं आणि मार्गिकेतल्या फरशीवरून पुढे गेलो. एकवीस पावलं. तीस पुरी झाली तिथे भिंतीला एक खिडकी होती आणि तिच्याखाली वायरमन स्टुलावर बसून पावाचा तुकडा खात होता.

मी त्याच्याजवळ उभा राहिलो, दालनाकडे पाठ करून. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल पुसत होतं. मागून समुद्र ऐकू येत होता, फार बारीक. मी श्वास जपून घेत होतो. ताई इतकी वर्षं अशी उभी राहायची, हातपाय न हलवता, उन्हात, थंडीत, आणि मी चौथ्या मिनिटाचा सुस्कारा शोधून काढायचो.

घड्याळात अकरा मिनिटं झाली. इथून पावलं ऐकू येणं शक्य नव्हतं. मी मनातच मोजली. अकरा. अठरा. पंचवीस. तीस.

"दार लावा हो ते," वायरमन म्हणाला. "पायाला गार लागतंय."

मलाही लागत होतं. घोट्यापर्यंत. त्या दालनाला खिडकी नाही.

"आत कोणी गेलं का?" मी मागे न वळता विचारलं.

त्याने वाकून मार्गिकेत पाहिलं. "कोण जाणार? इथे आपण दोघंच."

मी वळलो आणि तीस पावलं परत आलो. घाई केली नाही. आत समुद्र पहिल्यापासून सुरू झालेला होता आणि त्यात कोणी नव्हतं. मशीनचा लाल दिवा विझला होता. कार्डात अजून भरपूर जागा होती, बॅटरी भरलेली होती, म्हणजे ते आपोआप बंद पडलं नव्हतं.

टोपीचे केस मी निघताना बोटांनी विंचरून उभे केले होते. आता ते वरच्या बाजूने चपटे बसले होते, तळहाताएवढ्या जागेत. मी त्यावर हात ठेवला नाही. बराच वेळ बघत राहिलो, मग हातरुमाल टाकून मशीन उचललं. रुमाल ओला झाला.

८

त्याच दुपारी मी ते ठमीकडे नेलं. जेवणाच्या टेबलावर मशीन ठेवलं. तिने हेडफोन लावले. तिला ऐकू येत होतं ते मला येत नव्हतं. मला फक्त मशीनचा छोटा पडदा दिसत होता आणि त्यावरच्या चार पट्ट्या, चार माइकच्या. आवाज आला की ज्याची त्याची पट्टी उंच होते.

मागच्या दोन पट्ट्या ठेक्यात उठल्या आणि खाली खाली गेल्या. तो मी होतो, दूर जाताना. मग चारही संथ हलायला लागल्या, समुद्र. ठमीने डोळे मिटले. अकरा मिनिटं आम्ही तसेच बसलो होतो. शेजारी कोणीतरी भांडी घासत होतं.

मग पुढच्या दोन पट्ट्या उठल्या. एक उंच, एक लांब. एक उंच, एक लांब. प्रत्येक खेपेला थोड्या वर. तिसाव्याला त्या वरच्या कडेला टेकल्या. थोडी शांतता. मग तीन छोटे ठोके. मग एक लहानसा चढ, आणि पडदा रिकामा झाला.

ठमीने हेडफोन काढले नाहीत. दोन्ही हातांनी ते कानांवर दाबून धरले. तिचे ओठ हलले. आवाज न करता ती तो शब्द म्हणून बघत होती.

"दमलीय रे," ती नंतर म्हणाली. "पण खूश आहे. काम नीट झाल्यावर असायची तशी."

"तोच आवाज?"

"मी विसरलेच नव्हते, मामा. फक्त कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं." तिने हेडफोन माझ्यापुढे धरले. "ऐक ना."

"नंतर," मी म्हणालो.

मी ते अजून ऐकलेलं नाही. ताईची भीती वाटते असं नाही. मला माझ्या कानांची भीती वाटते. ते लगेच सांधे शोधायला लागतील.

कार्ड आणि मशीन मी तिच्याकडेच ठेवलं. दालनात वाळूचा समुद्र लावला. तीन दिवसांनी उद्‌घाटन झालं, भूगर्भवाल्या बाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. वायरमनने पुढच्या रांगेत बसून, एका कानाने समुद्र ऐकून, टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी गोट्यांच्या समुद्राची माझ्याकडची प्रत एकदा उघडली आणि तशीच बंद केली. पुसली नाही.

९

ठमी रोज शाळेला निघण्याआधी ते एकदा ऐकते. सगळं नाही, शेवटचं मिनिट फक्त. तिला त्याने बरं वाटतं. रंग परतला आहे, जेवते आहे. मला तेवढंच हवं होतं.

काल सकाळी तिचा फोन आला.

"मामा, 'झालं'च्या पुढे काही होतं का रे?"

"पुढे कसं असेल? तिथे तर मशीन बंद पडलं."

"तेच. पण आहे. कालपर्यंत नव्हतं." ती जराही घाबरलेली नव्हती. मुलांनी वर्गात आणलेला एखादा किडा दाखवावा तसं सांगत होती. "एकच पाऊल आहे. लांब. पण आईचं नाही."

"मग?"

"तुझ्यासारखं वाटतं. घासत टाकलेलं. तू निघतोस तिथलं परत ऐकलं मी, अगदी तस्संच. फक्त ते फरशीवर होतं. हे गोट्यांवर आहे."

स्वयंपाकघरात माझा चहा उकळत होता. मी जाऊन गॅस बंद केला. तब्येत माझी ठणठणीत आहे. मागच्याच महिन्यात सगळं तपासून घेतलं. मी तिसाव्या दिवशी त्या दालनात परत आलो होतो, माझ्या पायांनी, पाठीमागच्या दारातून. पण मशीन तोवर बंद झालं होतं. माझं जाणं त्या कार्डावर आहे, येणं नाही.

"ठमे, पडद्याकडे बघून सांग," मी म्हणालो. "त्या पावलाला कुठल्या पट्ट्या उठतात? मागच्या की पुढच्या?"

"थांब हं."

तिने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. हेडफोनची तार सरकली. बटण वाजलं. मी थांबलो. मागच्या असतील, मी मनात म्हणालो. मागच्या असल्या तर तो मीच असेन, दारातून आत येणारा. सगळं सरळ होईल.

तिने फोन उचलला.

"पुढच्या," ती म्हणाली. "मामा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"काय करू याचं? कापू का?"

खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. माझ्या पायाखाली फरशी होती, मी ती अंगठ्याने चाचपून पाहिली.

"राहू दे," मी म्हणालो. "पुसू नकोस."